जठराचे दार आणि शस्त्रक्रियेचे नाव

(ब्रॅकनेल येथे मराठी कुटुंबांसमोर दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचे मुद्रित रूप)



महाराष्ट्रातून विलायतेत येऊन इथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत उभी हयात घालवलेल्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे. ही सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ब्रॅकनेल हे नवे शहर म्हणून घोषित झाले. त्या डॉक्टरांच्या उमेदीच्या काळात सर्जरीच्या वॉर्डांत अल्सरचे रुग्ण नेहमीचे असत. म्हणून विषयही त्यांच्या रोजच्या कामातलाच घेतला आहे: जठरातून अन्न पुढे जाण्याची वाट, तिचे आजार आणि त्यांवरच्या शस्त्रक्रियांची नावे.

नावांवर एवढा भर कशासाठी, हे एका साध्या प्रसंगावरून कळते. मुलाकडे किंवा मुलीकडे कायमचे राहायला आलेले वडीलधारे इथे जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे, नाव नोंदवतात, तेव्हा पूर्वीच्या शस्त्रक्रियांची विचारणा होते. त्यांतल्या काहींच्या पोटावर, बेंबीच्या वर मधोमध, एक जुना उभा व्रण असतो. ‘अल्सरचं ऑपरेशन झालं होतं, सांगलीला, धाकटीच्या जन्माच्या आधी,’ एवढेच त्यांना सांगता येते. फॉर्मवर ‘पोटाचे ऑपरेशन’ असे लिहिले जाते आणि विषय संपतो.

खरे तर तो तिथे सुरू व्हायला हवा. त्या एका व्रणाखाली चार अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. जठराचा भाग काढून टाकलेला असेल. जठर जागच्या जागी ठेवून आतड्याला नवी वाट जोडलेली असेल. दार नुसते रुंद केलेले असेल. किंवा फुटलेल्या अल्सरचे भोक बुजवून पोट बंद केलेले असेल. या चारही प्रकारांचे पुढच्या तीस-चाळीस वर्षांतले परिणाम वेगळे असतात आणि रक्ताच्या तपासण्याही वेगळ्या लागतात. शस्त्रक्रियेचे नेमके नाव माणसाबरोबर प्रवास करत नाही, तेव्हा पुढचा डॉक्टर अंधारात राहतो आणि नुकसान रुग्णाचे होते.

दाराचे काम

जठर डाव्या बरगड्यांखाली सुरू होते आणि खाली उजवीकडे वळत निमुळते होत जाते. जिथे ते संपते तिथे स्नायूंचे जाड कडे असते. डॉक्टर त्याला पायलोरस म्हणतात, मराठी शास्त्रीय लेखनात जठरनिर्गम. त्याच्या पलीकडे लहान आतड्याचा पहिला भाग, म्हणजे आद्यांत्र किंवा ड्युओडेनम, सुरू होतो. पित्ताशयातून आणि स्वादुपिंडातून येणारे रस या आद्यांत्रात मिसळतात.

हे कडे नुसते उघडझाप करत नाही. जठराचा शेवटचा भाग मिनिटाला साधारण तीन वेळा आकुंचन पावतो, अन्न बंद दारावर आपटते, परत फिरते आणि पुन्हा घुसळले जाते. घन अन्नाचे कण एक-दोन मिलिमीटरपर्यंत बारीक झाले की मगच ते पलीकडे जातात. पाणी लवकर निघून जाते. तूप-तेलाचे जेवण बराच वेळ रेंगाळते. निरोगी माणसाच्या जठरात चार तासांनी जेवणाचा दहावा हिस्साही उरत नाही. या सगळ्यावर मेंदूकडून येणाऱ्या व्हेगस नसेचे नियंत्रण असते. ती जठराला आम्ल तयार करायला सांगते आणि जठराच्या हालचालीही चालवते. या दुहेरी कामाचे महत्त्व पुढे कळेल.

कच्चे अन्न अडवून धरायचे आणि पचलेले पुढे सोडायचे, हे काम चरकसंहितेत ग्रहणी या अवयवाकडे दिलेले आहे. आधुनिक शरीररचनेशी त्याची तंतोतंत जुळणी करण्याचा हट्ट धरू नये. मात्र अन्न थांबवण्याची आणि सोडण्याची क्रिया स्वतंत्र आहे आणि ती बिघडली की आजार होतो, हे निरीक्षण फार जुने आहे.

दार अडते तेव्हा

मोठ्या माणसात ही वाट हळूहळू बंद होत जाते. आधी दोन घास खाल्ल्यावर पोट भरल्यासारखे वाटते. मग जेवल्यावर पोट फुगते, आंबट ढेकर येतात, आणि शेवटी उलट्या सुरू होतात. त्या उलटीत सकाळी खाल्लेली भाकरी रात्री तशीच दिसते, कधी कालचे जेवणही. तिच्यात पित्ताचा हिरवा-पिवळा रंग नसतो, कारण पित्त दाराच्या पलीकडे येऊन मिळते आणि अडथळा अलीकडे असतो. उलटी झाली की बरे वाटते, म्हणून काही जण घशात बोट घालून ती काढतात. वजन झपाट्याने उतरते. डॉक्टरने पोट हलवून पाहिले तर आत पाण्याचा खळखळाट ऐकू येतो. बारीक माणसाच्या पोटावर डावीकडून उजवीकडे सरकणारी लाट डोळ्यांना दिसते.

उलटीतून केवळ अन्न जात नाही. जठरातले हायड्रोक्लोरिक आम्ल जाते, म्हणजे क्लोराइड जाते. पाठोपाठ पोटॅशियमही कमी होते आणि रक्त अल्कधर्मी होत जाते. अशा रुग्णाला घाईघाईने भूल देणे धोक्याचे असते. आधी सलाईन, पोटॅशियम आणि नाकातून नळी घालून जठर रिकामे करणे, मग शस्त्रक्रिया, हा क्रम सर्जनांनी कटू अनुभवातून शिकलेला आहे.

या अवस्थेला आज ‘गॅस्ट्रिक आउटलेट ऑब्स्ट्रक्शन’ म्हणतात. जुन्या कागदांवर मोठ्या माणसांनाही ‘पायलोरिक स्टेनोसिस’ असे लिहिलेले आढळते. अल्सरच्या रुग्णात आवळलेली जागा बहुधा दाराच्या जरा पुढे, आद्यांत्राच्या सुरुवातीलाच असते, म्हणून नवे नाव अधिक अचूक ठरले. कारणे अनेक आहेत: वर्षानुवर्षे भरत-चिघळत राहिलेल्या अल्सरचा व्रण, जठराचा किंवा स्वादुपिंडाचा कर्करोग, आणि क्वचित क्षयरोग. भारतात आणखी एक दुःखद कारण दिसते. संडास साफ करायचे ॲसिड चुकून किंवा जिवाला कंटाळून प्यायले गेले, तर ते जठराच्या खालच्या टोकाशी साचते आणि काही आठवड्यांत तिथली वाट आवळून टाकते.

यातून एक अवस्था वेगळी काढली पाहिजे. दार उघडे असते, पण जठर ढकलायचेच विसरते. तिला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. दीर्घकाळच्या मधुमेहात ती होते आणि लक्षणे बरीचशी सारखीच असतात. घरोघरी मधुमेह असलेल्या मराठी समाजाने हे नाव लक्षात ठेवायला हवे. दुर्बिणीने तपासून अडथळा नाही अशी खात्री झाल्यावरच हे निदान होते.

नावे वाचायची कशी

शस्त्रक्रियेच्या लांबलचक नावाचा शेवट पाहिला की सर्जनने काय केले ते समजते. ‘टमी’ म्हणजे चीर देणे, ‘एक्टमी’ म्हणजे काढून टाकणे, ‘स्टमी’ म्हणजे नवे तोंड किंवा नवी वाट करणे, ‘प्लास्टी’ म्हणजे घडण बदलणे. नावाचा पुढचा भाग अवयव सांगतो: ‘गॅस्ट्रो’ जठर, ‘ड्युओडेनो’ आद्यांत्र, ‘जेजुनो’ त्यापुढचे मध्यांत्र, ‘पायलोरो’ दार. आता पायलोरोमायोटमी म्हणजे दाराच्या स्नायूला दिलेली चीर, पायलोरोप्लास्टी म्हणजे दार रुंद करणे, गॅस्ट्रेक्टमी म्हणजे जठर अंशतः किंवा पूर्ण काढणे, आणि गॅस्ट्रोजेजुनोस्टमी म्हणजे जठर व मध्यांत्र यांना जोडणारी नवी वाट. महाराष्ट्रातले डॉक्टर तिला नुसते ‘जीजे’ म्हणतात.

काही नावांत मात्र अवयव नसतो, माणूस असतो. त्या माणसांच्या गोष्टी कळल्या की नावेही कळतात.

व्हिएन्नात २९ जानेवारी १८८१ रोजी थिओडोर बिलरोथ यांनी थेरेसे हेलर या ४३ वर्षांच्या बाईंच्या जठराचा दाराकडचा कर्करोगग्रस्त भाग काढला आणि उरलेले जठर थेट आद्यांत्राला शिवले. पॅरिसमध्ये पेआँ यांनी १८७९ मध्ये आणि पोलिश सर्जन रिदिगिएर यांनी १८८० मध्ये हाच प्रयत्न केला होता. दोघांचेही रुग्ण दगावले. बिलरोथ यांची तयारी मोठी होती. त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग करून, जठराचा हा भाग काढूनही प्राणी जगतो, हे दाखवून दिले होते. सुमारे दीड तास चाललेल्या त्या शस्त्रक्रियेतून हेलरबाई उठल्या आणि पुन्हा खाऊ-पिऊ लागल्या. कर्करोग मात्र पसरलेला होता. सुमारे चार महिन्यांनी त्या गेल्या. तरीही जठर कापून शिवता येते आणि माणूस जगतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. जठर थेट आद्यांत्राला जोडण्याच्या या पद्धतीला ‘बिलरोथ एक’ म्हणतात.

त्याच वर्षी सप्टेंबरात बिलरोथ यांचे सहायक आंटोन व्योल्फ्लर यांनी एका रुग्णाचे पोट उघडले. दाराचा कर्करोग इतका चिकटलेला होता की काढता येईना. पोट तसेच बंद करायची वेळ आली, तेव्हा शेजारी उभे असलेले निकोलादोनी यांनी सुचवले की अडलेली जागा राहू द्या, जठराला लहान आतड्याचा वेढा जोडा. अशी पहिली यशस्वी बायपास वाट तयार झाली आणि अन्न अडथळ्याला वळसा घालून जाऊ लागले. आजचे ‘जीजे’ याच कल्पनेचे वंशज आहे.

१८८५ मध्ये बिलरोथ यांच्यासमोर इतका क्षीण रुग्ण आला की त्यांनी आधी फक्त अशी वाट जोडली. रुग्णाने ते सोसले, म्हणून त्याच बैठकीत त्यांनी रोगट भागही काढला आणि आद्यांत्राचे तोंड शिवून बंद केले. हे ‘बिलरोथ दोन’. त्यानंतर लोझानचे सेझार रू यांनी आतड्याची इंग्रजी वाय अक्षरासारखी जोडणी रूढ केली, जेणेकरून पित्त जठरात उलटे येऊ नये. ‘रू-एन-वाय’ हे नाव आज लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियांमुळे पुन्हा कानावर पडते. रू यांच्या आधी, १८८६ मध्ये हाइनेके आणि १८८७ मध्ये मिकुलिच यांनी स्वतंत्रपणे एक सोपा उपाय शोधला: दारावर लांबीच्या दिशेने चीर द्यायची आणि ती आडवी शिवायची, म्हणजे वाट आपोआप रुंद होते. ‘हाइनेके-मिकुलिच पायलोरोप्लास्टी’ आजही शिकवली जाते.

विसाव्या शतकात लक्ष दारावरून आम्लाकडे वळले. शिकागोचे लेस्टर ड्रॅगस्टेड यांनी १९४३ मध्ये अल्सरसाठी व्हेगस नस कापायला सुरुवात केली. आम्ल घटले, अल्सर भरू लागला. पण त्याच नसेवर जठराची हालचाल अवलंबून असल्यामुळे अनेकांचे जठर रिकामेच होईना. म्हणून नस कापायची तर सोबत अन्नाला वाटही करून द्यायची, असा नियम झाला. ‘ट्रंकल व्हेगॉटमी आणि जीजे’, म्हणजे व्हेगसचे खोडच कापणे आणि नवी वाट जोडणे, ही जोडी भारतातल्या सर्जरीच्या वॉर्डांत अनेक वर्षे अल्सरचे प्रमाण ऑपरेशन होती. पुढे १९७० च्या सुमारास इंग्लंडमधल्या लीड्सला डेव्हिड जॉन्स्टन यांनी आणि कोपनहेगनला आमड्रुप यांनी फक्त आम्ल करणाऱ्या भागाकडे जाणाऱ्या शाखाच कापून दाराकडची शाखा राखली. त्यामुळे वेगळी वाट जोडायची गरज उरली नाही.

म्हैसूर, बेसिंगस्टोक, परळ

ज्यांच्या पोटावर हे व्रण आहेत त्या पिढीत अल्सर इतका का होता? या प्रश्नाचा आयुष्यभर पाठपुरावा करणारा सर्जन ब्रॅकनेलपासून जवळच, हॅम्पशायरमधल्या बेसिंगस्टोकला काम करत होता. फ्रँक टोव्ही हे त्यांचे नाव. त्याआधी १९५० आणि १९६० च्या दशकांत ते म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल हॉस्पिटलात मिशनरी सर्जन होते. तिथे आद्यांत्राच्या अल्सरचे रुग्ण मोठ्या संख्येने येत आणि दार आवळले जाण्याची गुंतागुंत विशेष दिसे. भारतभरच्या डॉक्टरांच्या अनुभवांवर आधारित त्यांचा भारत आणि बांगलादेशातल्या पेप्टिक अल्सरवरचा दीर्घ लेख १९७९ मध्ये ‘गट’ या ब्रिटिश नियतकालिकात आला. दक्षिणेकडच्या भात खाणाऱ्या प्रदेशांत अल्सर जास्त, वायव्येकडच्या गहू खाणाऱ्या प्रदेशांत कमी, असा नकाशा त्यांनी मांडला. ज्वारी-बाजरी, गहू आणि भात अशा तिन्ही अन्नांचा महाराष्ट्र या नकाशाच्या मधोमध येतो.

टोव्ही यांनी पुढे धान्यातल्या आणि कडधान्यातल्या संरक्षक घटकांचा शोध घेतला. अल्सरचा जंतू सापडल्यानंतरही त्यांनी प्रश्न सोडला नाही: जंतूचा प्रसार देशभर जवळपास सारखा असताना आजार मात्र प्रांताप्रांतांत इतका कमी-जास्त का? भारतातल्या रुग्णांपाशी सुरू झालेला प्रश्न इंग्लंडमध्ये परतल्यावरही त्यांनी सोबत ठेवला, याबद्दल मराठी माणसाने त्यांचे ऋण मानावे.

मुंबईत या रुग्णांचे मोठे आश्रयस्थान महापालिकेची रुग्णालये होती. परळचे केईएम १९२६ मध्ये सुरू झाले. तिथले पोटाच्या विकारांचे सर्जन डॉ. रवी बापट यांच्या आठवणींच्या पुस्तकाचे नावच एका वॉर्डाचे आहे, ‘वॉर्ड नं. ५, केईएम’. कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून आलेला रुग्ण वॉर्डात दाखल व्हायचा, बरा होऊन गावी परतायचा, आणि पुढची पन्नास वर्षे त्या ऑपरेशनसह जगायचा.

मग औषधांनी हे चित्र पालटले. ब्रॅकनेलसारख्याच लंडनभोवतीच्या एका नियोजित गावात, वेलविन गार्डन सिटीत, जेम्स ब्लॅक यांच्या चमूने आम्ल रोखणारे सिमेटिडीन विकसित केले. ते १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आले. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी जठरात राहणारा जंतू प्रयोगशाळेत वाढवला. पुढे त्याला हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव मिळाले. आम्लात जंतू जगतोच कसा, अशी शंका घेतली जात असताना १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जंतूचे मिश्रण स्वतः पिऊन आजार ओढवून घेतला. ब्लॅक यांना १९८८ मध्ये आणि या जोडीला २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. एक-दोन आठवड्यांच्या प्रतिजैविकांनी अल्सर कायमचा बरा होऊ लागला, आणि व्हेगॉटमी ही शस्त्रक्रिया पाहतापाहता मागे पडली.

इथेच आजची अडचण आहे. चाळिशीच्या आतल्या अनेक डॉक्टरांनी व्हेगॉटमी होताना पाहिलेली नसते. ज्यांच्या शरीरात ती आहे ते मात्र आज ऐंशीच्या घरात आहेत आणि त्यांतले काही मुलांकडे परदेशात आहेत.

व्रणाखाली राहिलेले

जठराचा भाग काढला असेल तर बी-१२ जीवनसत्त्व शोषायला लागणारा घटक कमी तयार होतो. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे कमतरता ऑपरेशननंतर बऱ्याच काळाने उघड होते: थकवा, पायांना मुंग्या, विसराळूपणा. घरचे म्हणतात, वय झाले. त्यातच माणूस शाकाहारी असेल आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असेल, तर बी-१२ कमी होण्याची तीन कारणे एकाच देहात एकत्र येतात. रक्ताच्या एका तपासणीने हे कळते, इंजेक्शनने भरून काढता येते.

अन्न आद्यांत्राला वळसा घालून जात असेल, म्हणजे जीजे किंवा बिलरोथ दोन झाले असेल, तर लोह कमी शोषले जाते. हाडेही ठिसूळ होऊ शकतात. गोड खाल्ल्यावर अर्ध्या तासात घाम, धडधड, चक्कर येणे याला डंपिंग म्हणतात: जठर न थांबवता साखर आतड्यात ओतते आणि शरीर गडबडते. बासुंदी किंवा गोड सरबत घेतल्यावर आजोबांना नेहमी अस्वस्थ होत असेल, तर ते फक्त वयाचे लक्षण नसावे. थोडे थोडे खाणे, गोड कमी करणे आणि जेवताना पाणी न पिता नंतर पिणे, एवढ्याने पुष्कळांना आराम पडतो. जठराचा भाग काढलेल्यांत क्षयाचा धोका काहीसा वाढतो, आणि दोन दशकांनंतर उरलेल्या जठरात कर्करोगाचा धोकाही. त्यामुळे अशा माणसाची नवी पोटदुखी, काळी शौच किंवा घटते वजन यांकडे लवकर लक्ष द्यावे लागते.

आणखी एक उदाहरण. पित्तनलिकेत खडा अडकला तर तो तोंडातून दुर्बीण घालून काढतात. बिलरोथ दोन झालेल्या माणसात ती वाट उलट्या बाजूने गाठावी लागते. रू-एन-वायमध्ये तर साध्या दुर्बिणीने पोहोचणेही अवघड. आधी माहिती असेल तर डॉक्टर वेगळी दुर्बीण, वेगळी तयारी करतात. माहिती नसेल तर रुग्ण टेबलावर असताना कळते.

म्हणून आई-वडील इथे येण्यापूर्वी, किंवा भारतात सुट्टीला गेल्यावर, कपाटातले जुने डिस्चार्ज कार्ड शोधावे. रुग्णालयाचे नाव, साल आणि ऑपरेशनचे नाव एका कागदावर लिहून जीपीच्या नोंदीत घालायला सांगावे. कागद सापडला नाही तरी तीन प्रश्नांनी बरेच उलगडते: जठराचा तुकडा काढला होता का, आतड्याला नवी वाट जोडली होती का, नस कापली असे कोणी म्हणाले होते का. तरीही कळले नाही, तर दुर्बिणीच्या तपासणीत आतली जोडणी दिसते आणि अहवालात तिची नोंद होऊ शकते.

सहा आठवड्यांचे बाळ

या दाराचा एक आजार अगदी तान्ह्या मुलांचा आहे. त्यात अल्सर नसतो, जंतू नसतो. दाराचा स्नायूच जाड होत जातो. बाळ जन्मतः ठीक असते, तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात उलट्या सुरू होतात. दूध टाकणे हे सगळ्याच बाळांचे असते, पण ही उलटी जोरात, लांबवर उडते, तिच्यात हिरवा रंग नसतो, आणि उलटी झाल्याबरोबर बाळ पुन्हा भुकेने रडते. लंगोट कमी ओले होतात, वजन थांबते. मुलींपेक्षा मुलांत हे सुमारे चौपट दिसते आणि पहिल्या अपत्यात जास्त. आशियाई वंशाच्या बाळांत ते गोऱ्या बाळांपेक्षा कमी आढळते, पण म्हणून ते होतच नाही असे नाही.

कोपनहेगनचे हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८७ मध्ये या आजाराचे स्पष्ट वर्णन मांडले. उपाय मात्र नव्हता. बहुतेक बाळे सुकून जात. १९०७ मध्ये पॅरिसचे पिएर फ्रेदे यांनी स्नायूला उभी चीर देऊन ती आडवी शिवली. १९११ मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टरला कोनराड रामश्टेट हेच करायला गेले, पण जाड स्नायूत टाके धरेनात, सुटू लागले. त्यांनी चीर तशीच उघडी ठेवली. बाळ काही दिवस ओकले, मग बरे झाले. पुढच्या बाळात त्यांनी टाके घालायचा प्रयत्नच केला नाही, आणि ते चटकन सुधारले. जगभर आज हीच शस्त्रक्रिया होते: स्नायू चिरायचा, आतले नाजूक अस्तर अखंड ठेवायचे, शिवायचे नाही. १९८६ मध्ये इंग्लंडमधून टॅन आणि बियांकी यांनी बेंबीच्या कडेने छेद घेण्याची पद्धत मांडली, त्यामुळे पुढे व्रण दिसेनासा होतो. १९९१ पासून दुर्बिणीनेही ही शस्त्रक्रिया होते.

शस्त्रक्रियेने बाळे जगू लागली, मोठी झाली, त्यांना मुले झाली, आणि त्यातून एक वेगळाच शोध लागला. लंडनचे सेड्रिक कार्टर यांनी बऱ्या झालेल्या रुग्णांच्या मुलांची पाहणी केली. मुलींना हा आजार क्वचित होतो, पण ज्या स्त्रीला तो लहानपणी झाला होता तिच्या मुलग्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला तो झाला. म्हणून घरात, आजोळीसुद्धा, कुणाचे बाळपणी असे ऑपरेशन झाले असेल तर ते डॉक्टरला सांगावे. तसेच १९९९ मध्ये अमेरिकेत डांग्या खोकल्याच्या साथीत नवजात बाळांना एरिथ्रोमायसिन दिल्यानंतर सात बाळांना हा आजार झाला. तेव्हापासून अगदी तान्ह्यांना हे औषध जपून दिले जाते.

ब्रॅकनेल गावात अपघात विभाग असलेले मोठे रुग्णालय नाही. रेडिंगचे रॉयल बर्कशायर, फ्रिमली पार्क आणि स्लावचे वेक्सम पार्क ही जवळची रुग्णालये. तिथे रक्ततपासणी आणि सोनोग्राफी होते. स्नायूची जाडी तीन मिलिमीटर किंवा अधिक असेल तर निदान पक्के होते. अनुभवी हाताला पोटात सुपारीएवढी गाठही लागते. मग बाळ विशेष बालशल्यचिकित्सा केंद्रात पाठवले जाते. तिथे पोहोचल्यावर ऑपरेशन लगेच होत नाही, याने आई-वडील घाबरतात. त्या एक-दोन दिवसांत सलाईनने क्षार सावरले जातात. ते न करता भूल दिली तर बाळाचा श्वास थांबण्याचा धोका असतो. ऑपरेशननंतर काही तासांतच दूध सुरू होते आणि बहुतेक बाळे दोन-तीन दिवसांत घरी जातात. घुटी किंवा ग्राइप वॉटर देऊन वाट पाहण्यात गेलेले दिवस मात्र बाळाला महागात पडतात.

आताची साधने

अडलेल्या दारावर आज दुर्बिणीतून फुगा फुगवून ते रुंद करता येते. कर्करोगाने बंद झालेल्या वाटेत धातूची जाळीदार नळी बसवतात. सोनोग्राफी जोडलेल्या दुर्बिणीने जठर आणि आतडे यांच्यात आतूनच नवी वाट जोडता येते. व्योल्फ्लर यांनी १८८१ मध्ये पोट उघडून केलेले काम पोटावर छेद न घेता होते. गॅस्ट्रोपॅरेसिससाठी २०१३ पासून दुर्बिणीनेच दाराचा स्नायू चिरण्याची पद्धत आली. तिला ‘जी-पोएम’ म्हणतात आणि ती निवडक रुग्णांत वापरतात. पोटावर व्रणच नसल्यामुळे या नव्या उपायांत नावाची नोंद अधिकच महत्त्वाची ठरते. बाहेरून पाहून काही कळणार नाही.

इथल्या कायद्याने रुग्णाचा हक्क स्पष्ट केला आहे. २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने माँटगोमेरी खटल्यात सांगितले की त्या विशिष्ट रुग्णाला जो धोका महत्त्वाचा वाटेल तो आणि वाजवी पर्याय डॉक्टरने सांगितलेच पाहिजेत. राष्ट्रीय आरोग्य सेवेत दुभाषी मोफत मिळतो, आणि घरच्याच माणसावर भाषांतराचा भार टाकू नये अशी मार्गदर्शक सूचना आहे. आजींना मराठीतच नीट समजत असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाषी मागावा. त्यात संकोच नको. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी विचारावे: वाट रुंद करणार, भाग काढणार की नवी जोडणी करणार? नसेला हात लावणार का? पुढे बी-१२ आणि लोह किती दिवसांनी तपासायचे? दुसऱ्या आजारासाठी दुर्बीण घालावी लागली तर अडचण येईल का? आणि घरी निघताना डिस्चार्ज पत्रावर ऑपरेशनचे पूर्ण नाव लिहिले आहे ना, हे मुलाने किंवा सुनेने तिथेच वाचून पाहावे.